तक्रार एकाची, दुखणं दुसऱ्याचं

ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलून गाडी चालू झाली आणि मीटरमध्ये एकदम चार दिवे लागले, की मालक हमखास म्हणतो, "आधी एकच दिवा होता ओ, आता चार झाले. म्हणजे बिघाड वाढलाच की!" मी त्याला लगेच खोडून काढत नाही. दिवे त्याच्यासाठीच लावलेले आहेत, आणि ते पाहून त्याला धास्ती वाटली तर त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. पण चार दिवे म्हणजे चार बिघाड नव्हेत. बऱ्याचदा तीन दिवे चौथ्याबद्दल तक्रार करत असतात. कधी कधी तर ज्याच्याबद्दल तक्रार, तोही निर्दोष असतो आणि मधलीच एखादी पिन दगा देत असते. कोल्हापुरात उद्यमनगरात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. दिव्यावरून एवढंच कळतं की तक्रार कोणी केली आहे. दोष कोणाचा, ते शोधणं हे आमचं काम.

हे शोधणं सुरू होतं स्कॅनर लावायच्या आधी. चावी ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, आणि नुसतं मीटरकडे बघत बसायचं. चांगल्या गाडीत या क्षणी जवळजवळ सगळे दिवे लागतात. प्रत्येक यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि आपला दिवा पेटतो हेही दाखवते. मग काही सेकंदांत एअरबॅगचा विझतो, एबीएसचा विझतो. ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा आणि इंजिनचा पिवळा दिवा मात्र इंजिन चालू होईपर्यंत राहतात. हा क्रम डोळ्यांत बसला पाहिजे, कारण लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा न लागलेला दिवा मला जास्त घाबरवतो. न लागलेला दिवा म्हणजे कोणीतरी मीटर खोलून आतला एलईडी काढलाय, किंवा वरून काळी टेप चिकटवलीय. असल्या गाडीत अख्खं घर विश्वासानं बसलेलं असतं. एअरबॅगचा दिवा असा गप्प केलेला मला आढळला, की बाकीचं काम बाजूला ठेवून आधी मालकाला मीटरसमोर बसवून ते दाखवतो. त्यात कोणाचा मुलाहिजा मी ठेवत नाही.

आता ईसीएम गप्प झाला तर एबीएसनं का ओरडावं? जुन्या गाड्यांत ओरडायचं नाही. प्रत्येक सेन्सरची वायर आपापल्या जागी जायची, शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी संबंध नसायचा. बॉश कंपनीनं १९८६ साली 'कॅन' ही पद्धत जाहीर केली आणि पुढं गाड्यांची वायरिंगच बदलली. पिळलेल्या दोन वायरी, त्यांच्यावर सगळे मॉड्युल जोडलेले. गावच्या चावडीवर जसं एकानं बोलावं आणि ज्याला गरज असेल त्यानं ऐकावं, तसा हा कारभार. एबीएस चाकांचा वेग सांगतं. ईसीएम इंजिनचे फेरे, कूलंटचं तापमान, पेडल किती दाबलंय ते सांगतो. मीटर ते ऐकून काटे हलवतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तर इंजिन चालू आहे की नाही हे कळल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. त्याची मोटर इतका करंट ओढते, की अल्टरनेटर फिरत नसताना ती चालवली तर बॅटरी बसेल. म्हणून ईसीएमचा आवाज थांबला की स्टिअरिंग जड होतं आणि त्याचा दिवा लागतो. एबीएसचा लागतो. आरपीएमचा आणि टेंपरेचरचा काटा तळाला जाऊन पडतो. खरं तर यांतलं काहीच बिघडलेलं नसतं.

असली एक गाडी मला तपशिलानं आठवते. पंचगंगेचं पाणी २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली, हे इकडचं कोणी विसरलेलं नाही. त्या दुसऱ्या पुरात ही डिझेल हॅचबॅक सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर धुतली, वाळवली, ऑइल बदललं आणि ती चालूही झाली. पुरातल्या गाडीचं हेच वाईट असतं. इंजिनचं नुकसान लगेच कळतं, वायरिंगचं कळायला महिने लागतात. पाणी वायरीच्या आवरणाखाली, तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणानं हळूहळू पुढं सरकत राहतं आणि एक दिवस ईसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. या गाडीतही तसंच झालं. चालता चालता बंद पडायला लागली, मग एक दिवस चालूच होईना. एका गॅरेजमध्ये ईसीएम मेल्याचं निदान झालं. निदान बरोबर होतं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून त्याच नंबरचा ईसीएम आला, जुन्यातला चावीचा डेटा त्यात उतरवला, इंजिन सुरू झालं. आणि मीटरमध्ये इंजिन, एबीएस आणि स्टिअरिंग असे तीन दिवे, वर दोन्ही काटे मेलेले.

गाडी घेऊन आलेला मेकॅनिक तरुण होता, मेहनती होता. म्हणाला, "मामा, ईसीएम स्कॅनरशी झकास बोलतोय. मग एबीएस आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम कशी जातील? मालक म्हणतोय दोन्ही बदला."

दोन्ही बदलायची म्हणजे गाडीच्या उरलेल्या किमतीचा मोठा हिस्सा गेला असता.

मी त्याला विचारलं, बिघाडाचे कोड लिहून ठेवलेस का? एबीएस आणि स्टिअरिंगमधले त्यानं पुसून टाकले होते. पुसले की परत आले, परत आले की पुन्हा पुसले. या एका सवयीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. स्कॅनरवर कोड पुसायचं बटण वाचायच्या बटणाशेजारीच असतं, आणि दिवा विझला की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून हात आपोआप तिकडं जातो. पण कोडबरोबर आणखी बरंच काही पुसलं जातं. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, वेग किती होता, तापमान किती होतं, हे गोठवून ठेवलेलं असतं, आणि इतका नेमका साक्षीदार दुसरा मिळत नाही. शिवाय प्रदूषणासंबंधीच्या स्वतःच्या चाचण्या गाडीनं पूर्ण केल्या होत्या की नाही, ही नोंदही कोरी होते आणि त्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणून माझ्या टेबलावर वही असते. प्रत्येक मॉड्युल उघडायचं, त्याचे कोड उतरवायचे, चालू कोणते आणि जुने कोणते ते वेगळं लिहायचं. तोपर्यंत पुसायच्या बटणाला हात लावायचा नाही.

कोडचं पहिलं अक्षर बरंच सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चेसिस, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे आपसातलं बोलणं. या गाडीत एबीएसमध्ये एकच कोड होता, यू ०१००. स्टिअरिंगमध्येही तोच. म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. चाकाच्या सेन्सरबद्दल, स्टिअरिंगच्या मोटरबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. दोघंही सांगत होती की आम्ही ठीक आहोत, तो बोलत नाही. आणि ज्याच्याबद्दल हे सांगत होती, तो ईसीएम स्कॅनरशी छान बोलत होता. तरुण मेकॅनिक इथंच अडकला होता, आणि अडकणं साहजिक होतं.

उलगडा स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये होता. त्यात सोळा नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, चार आणि पाचला अर्थ, सहा आणि चौदाला कॅनच्या दोन वायरी, आणि सातला के-लाइन नावाची एकेरी वायर. थोड्या जुन्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्कॅनरशी के-लाइनवरून बोलतो आणि एबीएस-मीटरशी कॅनवरून. या गाडीत चावीची ओळखही कॅनवरून नव्हती, त्यामुळं इंजिन सुरू होत होतं. म्हणजे ईसीएम जिवंत होता, पण एका रस्त्यानं बोलत होता आणि दुसरा रस्ता बंद होता. स्कॅनरला जे ऐकू येत होतं ते बाकीच्या मॉड्युलांना ऐकू येत नव्हतं.

आता मल्टिमीटर. बॅटरीची मायनस काढली, थोडा वेळ थांबलो, सहा आणि चौदामध्ये ओहम मोजले. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असतो. दोन्ही जागेवर असतील तर मिळून ६० दिसतात. इथं दिसले १२०. एक टोक गळालेलं होतं. या गाडीत एक टोक ईसीएमच्या आतच असतं, म्हणून ईसीएमचा कपलर काढला आणि पुन्हा मोजलं. तरीही १२०च. म्हणजे कपलर लावलेला होता तेव्हासुद्धा ईसीएम या वायरींवर नव्हताच. मग ईसीएमच्या स्वतःच्या दोन पिनांमध्ये मोजलं, तिथं व्यवस्थित १२०. नवा, म्हणजे जुना-नवा, ईसीएम निर्दोष सुटला. तुटलेली जागा आता दोन बोटांच्या अंतरात आली होती.

कपलरवरचं रबर मागं सारून टॉर्च लावला, आत भिंगातून पाहिलं. पिनांच्या ओळीत एक टर्मिनल बाकीच्यांपेक्षा जेमतेम दाणाभर मागं सरकलेलं. त्याची प्लास्टिकची कडी तुटलेली, आणि टर्मिनलच्या मागं वायरीवर हिरवट पावडर. कपलर दाबून बसवला की ईसीएमची पिन त्याला आत ढकलायची आणि दोघांची गाठ पडायचीच नाही. जुना ईसीएमही याच वाटेनं आलेल्या पाण्यानं गेला होता. त्याचं झाकण उघडून दाखवलं, तेव्हा आतल्या पिनांच्या मुळाशी तोच हिरवा थर होता. हे पाहणं मला आवश्यक वाटतं. जुना का मेला हे समजल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेनं पाठवणं. वायर मागं मागं कापत गेलो, चकचकीत तांबं लागेपर्यंत. एरवी नुसतं टर्मिनल बदलून भागतं, पण पुराच्या गाडीत काळं पडलेलं तांबं ठेवलं तर सोल्डर धरत नाही आणि धरल्यासारखं वाटलं तरी टिकत नाही. शेजारच्या वायरीही तपासल्या, दोन बदलल्या, कपलरची कडी दुसऱ्या कपलरमधून घेतली. सहा आणि चौदामध्ये ६० ओहम आले.

हे करण्याआधी मी आणखी एक तपासणी केली होती, ती सांगायची राहिली. ईसीएमला येणारा प्लस आणि अर्थ. मल्टिमीटरवर बारा व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानायचं नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मल्टिमीटर बाराच दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब पूर्ण उजेड देतो का, आणि तो पेटलेला असताना अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती व्होल्ट पडतात, हे पाहतो. दशांश एक-दोनच्या वर गेलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून घासायचा. या गाडीत अर्थ चांगली निघाली. पण पन्नास गोष्टींचा संशय एका बल्बनं फिटतो, म्हणून हे कधी टाळत नाही. फक्त कपलरच्या नाजूक टर्मिनलमध्ये जाड प्रोब खुपसायचा नाही. त्यानं टर्मिनल रुंदावतं आणि आपणच पुढचा बिघाड करून ठेवतो.

कॅन जुळल्यावर काटे उठले, स्टिअरिंग हलकं झालं, एबीएसचा दिवा विझला. इंजिनचा पिवळा मात्र राहिला. त्याचा कोड ग्लो प्लगच्या सर्किटचा होता. इकडं ग्लो प्लग मोजले तर चारही ठीक, रिलेही ठीक. मग त्या कोडसोबतची नोंद वाचली. बिघाड झाला तेव्हाचे किलोमीटर या गाडीच्या मीटरवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होते. ती तक्रार या गाडीची नव्हतीच. भंगारात गेलेल्या कुठल्यातरी गाडीची जुनी कुरकुर ईसीएमच्या मेमरीत बसून कोल्हापूरपर्यंत आली होती. असा कोड वाचून, लिहून, खात्री करून मग पुसायचा. तो परत आला नाही. जुन्या बाजारातला ईसीएम बसवण्याआधी टेबलावरच वाचून घ्यावा, म्हणजे दुसऱ्याच्या नोंदी आपल्या गाडीत शिरत नाहीत, हे मी त्या पोराला तेव्हाच सांगितलं.

मीटर आता स्वच्छ होतं आणि मालक चावी मागत होता. पण मला इंजिनचा आवाज आवडला नाही. निवांत फेऱ्यांवर एक बारीक टकटक, हाताला लागणारी थरथर. दिवा एकही नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरला हजार-दीड हजार बारपर्यंतच्या दाबाचं डिझेल मिळतं आणि ते किती वेळ उघडं ठेवायचं हे ईसीएम मिलिसेकंदाच्या हिश्शात ठरवतो. कारखान्यात दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे होत नाहीत, म्हणून अनेक इंजेक्टरांच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो. हा जरा जास्त सोडतो, तो जरा कमी, असा त्याचा अर्थ. तो कोड ईसीएममध्ये लिहावा लागतो. इथं ईसीएममध्ये त्या दुसऱ्या गाडीच्या इंजेक्टरांचे कोड होते. इंजिनवरचं कव्हर काढलं, इंजेक्टरांवरची काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली, टॉर्चच्या उजेडात चारही कोड वाचले, एकेक करून लिहिले. एक अक्षर चुकलं तर स्कॅनर घेत नाही किंवा घेतलं तर ईसीएम चुकीचं वागतो, म्हणून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. मग स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती पाहिली. आधी एकाला खूप जास्त आणि एकाला खूप कमी डिझेल देऊन ईसीएम तोल सांभाळत होता. आता चारही आकडे शून्याच्या जवळ आले आणि टकटक गेली. ही टकटक तशीच सोडली असती तर कोणी मला दोष दिला नसता, कारण मीटरमध्ये दिवा नव्हता. पण पिस्टनवर होणारा अन्याय मीटरमध्ये दिसतोच असं नाही, आणि तो ऐकायला माणूसच लागतो.

चावीबद्दल थोडं. जुन्या ईसीएममधला डेटा वाचता येत असेल तर तो दुसऱ्यात उतरवणं हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे चावी ओळखणारा इमोबिलायझरच बंद करून टाकणं. स्वस्त पडतो, पटकन होतो, म्हणून बाजारात तो सर्रास चालतो. मी तो करत नाही. गाडी चोराला सोपी करून मालकाच्या हवाली करायची आणि वर पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. आणि कोणाचीही गाडी असो, आरसी आणि मालकाची ओळख पाहिल्याशिवाय चावीच्या कामाला मी हात लावत नाही.

गाडी देण्याआधी पन्हाळ्याच्या चढाला नेली. सपाट रस्त्यावर इंजिनला जोर लागत नाही आणि बरेच कोड जोर लागल्याशिवाय येत नाहीत. काही कोड असे, की पहिल्या फेरीत ते फक्त मनात धरून ठेवले जातात आणि लागोपाठ दुसऱ्या फेरीत तोच बिघाड दिसला तरच दिवा लागतो. म्हणून परत आल्यावर दिव्याकडं पाहून भागत नाही, हे मनात धरलेले कोड उघडून पाहावे लागतात. काही नव्हतं. तरी मालकाला सांगितलं, आठवडाभर रोजच्यासारखी चालवा आणि एकदा दाखवून जा.

आपल्याकडं गाड्यांत बिघाड स्वतः नोंदवणारी ही पद्धत एप्रिल २०१० पासून बीएस-४ बरोबर टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, २०१३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि २०२० मध्ये बीएस-६. दर टप्प्याला दिवे जास्त खरं बोलायला लागले. पण ते वाचायची सोय मात्र दर टप्प्याला आमच्यापासून लांब गेली. बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीएम बसवून झाला तरी तो कंपनीच्या सर्व्हरवरून ओळख पटवल्याशिवाय गाडीशी बोलत नाही. सुरक्षेसाठी हे हवं, हे मला मान्य आहे. पण वाचताच आलं नाही की मेकॅनिक पुसतो, पुसूनही आलं की टेप लावतो. टेपेची मुळं बहुतेक वेळा आळसात नसतात, माहिती न मिळण्यात असतात. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दलच होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. पाऊल योग्य दिशेनं आहे. पण पुराच्या पट्ट्यातल्या माणसाला त्याच्या दहा वर्षं जुन्या गाडीसाठी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपचं बिल झेपत नाही. तो शिरोळचा असो की चिपळूणचा, त्याची गाडी आमच्यासारख्यांकडंच येणार. त्या सर्व्हरचा प्रवेश, रीतसर पैसे भरून, ओळख नोंदवून, उद्यमनगरातल्या एका गाळ्याच्या गॅरेजलाही मिळाला पाहिजे, अशी माझी मागणी आहे.